एकवीस अंकी संख्येचे दोन तुकडे

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

एकवीस अंक. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी एकं, दहं, शतं करत स्थानांची जी नावं दिली, ती अठराव्या स्थानाशी, परार्धाशी येऊन थांबतात. ही संख्या त्याच्याही पुढची, साधारण १४७५ परार्ध. एवढ्या आकड्यासमोर आपली अक्कल गुंगच होते, पण तिची घडण अगदी सोपी आहे. २ घ्या, त्याची दुप्पट करा, पुन्हा दुप्पट करा, असं करत २ चा ६७ वा घात काढा आणि त्यातून १ वजा करा. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पटाला ६४ ऐवजी ६७ घरं असती, तर सगळ्या घरांतल्या दाण्यांची एकूण बेरीज बरोबर हीच आली असती.

या लेखापुरतं तिला म-६७ म्हणू. म म्हणजे मेर्सेन. हा माणूस कोण ते पुढे येईलच.

प्रश्न एकच आहे आणि शाळेतल्या मुलालाही कळेल असा आहे: म-६७ मूळ संख्या आहे का? म्हणजे १ आणि स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही, असं आहे का? या प्रश्नाचं उत्तर मिळायला २३२ वर्षं लागली, आणि उत्तर मिळाल्यावरही तिचे तुकडे, म्हणजे ज्यांचा गुणाकार ती आहे त्या लहान संख्या, हाती यायला आणखी २७ वर्षं गेली. माझ्या मते या संख्येचं खरं महत्त्व त्या २७ वर्षांत आहे. एखादी संख्या फुटते हे कळणं आणि तिचे तुकडे कोणते हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची किंमतही वेगळी आहे. आधी मलाही हे पटत नसे. फुटते म्हणता, मग तुकडे दाखवा ना! पण तुकडे न दाखवताही संख्या फुटते हे शंभर टक्के सिद्ध करता येतं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

मारँ मेर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू. पॅरिसमधल्या त्याच्या मठात युरोपभरच्या विद्वानांची पत्रं यायची आणि तिथून पुढे जायची. विज्ञानाची मासिकं सुरू होण्याआधीच्या त्या काळात कोण कशावर काम करतंय याची खबर बरेचदा मेर्सेनकडून मिळे. २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्यांमध्ये तेव्हा सगळ्यांना रस होता, आणि त्याचं कारण युक्लिडपासून चालत आलेलं होतं. स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येते अशी संख्या ती परिपूर्ण संख्या. ६ = १ + २ + ३, मग २८, मग ४९६, मग ८१२८. २ च्या घातातून १ वजा करून येणारी संख्या मूळ निघाली की दरवेळी तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनवता येते, हे युक्लिडने दाखवून ठेवलं होतं.

इथे एक गाळणी लगेच लागते. घातांक संयुक्त असेल तर संख्या नक्की फुटते. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं, तर या संख्या १ ची सलग रांग होतात. म-६७ म्हणजे सदुसष्ट वेळा १. घातांक १५ असेल तर पंधरा १ ची रांग, आणि तिचे तीन-तीनचे पाच गट पडतात, तसेच पाच-पाचचे तीन गट पडतात. म्हणून ३२,७६७ ला ७ नेही भाग जातो आणि ३१ नेही. (एकाच अंकाच्या अशा रांगांची गोडी देवळालीचे द. रा. कापरेकर यांनाही होती. ११११११११११ सारख्या दशमान रांगांच्या वर्गांशी त्यांनी वर्षानुवर्षं खेळ केला, आणि त्यातूनच १२३४५६७८९८७६५४३२१ सारख्या त्यांच्या 'डेम्लो संख्या' आल्या.) घातांक मूळ असेल तर असे गट पडत नाहीत. पण तेवढ्याने संख्या मूळ ठरत नाही. ११ मूळ आहे, तरी २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७, ही २३ × ८९ निघते.

१६४४ मध्ये मेर्सेनने जाहीर केलं की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त अकरा घातांक अशी मूळ संख्या देतात: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. कशाच्या आधारावर, ते त्याने सांगितलं नाही. त्याच्या यादीत ६१, ८९ आणि १०७ राहून गेले, आणि ६७ व २५७ चुकून आत आले, हे आज आपल्याला माहीत आहे. ६७ हा ६१ च्या जागी छापताना पडलेला आकडा असावा, असाही एक तर्क आहे. काही असो, त्या यादीने पुढच्या तीन शतकांतल्या गणितज्ञांना काम पुरवलं. यादीची तपासणी पुरी व्हायला १९४७ साल उजाडलं.

आता म-६७ तपासायची कशी? शाळेत शिकवलेला रस्ता सरळ आहे: वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहा. म-६७ चं वर्गमूळ १२१४ कोटींच्या आसपास येतं, आणि तिथपर्यंत मूळ संख्या पन्नास कोटींहून जास्त आहेत. हाताने तर हे अशक्यच.

पण वाटेल ती संख्या यांचा विभाजक होऊ शकत नाही. १६४० मध्येच पिएर द फर्माने मेर्सेनला पत्रातून हे कळवलं होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. २३ घ्या. २ पासून दुप्पट करत चला आणि २३ च्या वर गेलं की २३ वजा करा:

२, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १.

अकराव्या पायरीला १ आला. म्हणजे २ च्या ११ व्या घाताला २३ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणजेच त्यातून १ वजा केला की २३ ने निःशेष भाग जातो, आणि २०४७ ला २३ ने भाग का जातो याचं कारण हेच. आता फर्माचा नियम: २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, असं दुप्पट करत गेलं की त्या संख्येपेक्षा एकने कमी इतक्या पायऱ्यांनी १ हटकून येतो. २३ साठी बावीसाव्या पायरीला. अकराव्या पायरीला एक फेरी पुरी होते आणि बावीसाव्याला दुसरी. २२ मध्ये ११ पूर्ण वेळा बसतात, म्हणून सगळं जुळतं.

हाच विचार म-६७ ला लावा. तिला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या संख्येच्या फेऱ्यात १ सदुसष्टाव्या पायरीला यायला हवा. ६७ मूळ असल्याने फेरी त्याहून लहान असू शकत नाही. मग त्या मूळ संख्येतून १ वजा केला की उरलेल्यात ६७ पूर्ण वेळा बसलेच पाहिजेत. शिवाय ती विषम असल्याने उरलेलं सम आहे, म्हणजे २ नेही भाग जातो. थोडक्यात, म-६७ चा प्रत्येक मूळ विभाजक १३४ च्या पाढ्यातल्या कुठल्या तरी संख्येपेक्षा एकने जास्त असणार. त्याखेरीज आणखी एक अट आहे: ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ च यायला हवी.

हात लावून पाहू. १३४ + १ = १३५, पाचाने भाग जातो, बाद. पुढचे दोन आठाच्या अटीत बसत नाहीत. चौथा ५३७, म्हणजे ३ × १७९, बाद. पाचवा ६७१, म्हणजे ११ × ६१, बाद. असं करत बाराव्या पटीला १६०९ येतो. तो मूळ आहे, अटीतही बसतो, म्हणजे पहिला खरा उमेदवार. त्याने म-६७ ला भाग जात नाही. पुढे चला.

याच युक्तीने फर्माने ३७ घातांकाची संख्या फोडली होती. तिथे ७४ चा पाढा लागतो, आणि तिसऱ्याच पटीला २२३ येतो, आणि त्याने भाग जातो. म्हणजे मेर्सेनने यादी छापली तेव्हा हे हत्यार त्याच्या टेबलावरच्या पत्रात चार वर्षं पडून होतं. पण ३७ ला नशिबाने तिसऱ्या पटीत जे मिळालं, ते ६७ ला मिळणार नव्हतं. तिचा लहानातला लहान विभाजक १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीपलीकडे आहे. आठाच्या अटीने त्यातले निम्मे उमेदवार गळतात. ३, ५ आणि ७ ने भाग जाणारेही काढून टाकले तरी सुमारे ३ लाख ३० हजार उरतात. एका भागाकाराला पाच मिनिटं धरली आणि रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता बसलं, तरी नऊ वर्षांहून जास्त काळ लागेल. आणि नऊ वर्षांनी उत्तर मिळेल याची खात्री सुरुवातीला कुणी देणार नाही. संख्या खरोखर मूळ असती, तर ही वाट संपलीच नसती.

इथे एदुआर ल्युका हा फ्रेंच गणितज्ञ येतो. १८७६ मध्ये त्याने एकही विभाजक न शोधता म-६७ फुटते हे दाखवलं.

हे कसं शक्य आहे ते आधी एका लहान संख्येवर पाहू. ९१ बघताच मूळ वाटते. २, ३, ५ ने भाग जात नाही, पाढ्यांतही पटकन आठवत नाही. पुन्हा दुप्पट करत जा, ९१ च्या वर गेलं की ९१ वजा करा:

२, ४, ८, १६, ३२, ६४, ३७, ७४, ५७, २३, ४६, १.

बाराव्या पायरीला १. म्हणून चोविसाव्याला १, छत्तिसाव्याला १, आणि चौऱ्याऐंशीव्यालाही १. तिथून सहा पायऱ्या पुढे गेलं की नव्वदाव्या पायरीला ६४ येतो. आता फर्माचा नियम आठवा: ९१ मूळ असती तर नव्वदाव्या पायरीला १ आलाच असता. आला ६४. म्हणजे ९१ मूळ नाही. विषय संपला. आपण ७ चं नाव घेतलं नाही, १३ चं घेतलं नाही, एकही भागाकार केला नाही. सगळ्या मूळ संख्या जो नियम पाळतात तो हिने मोडला, एवढंच पुरे झालं.

आणि ही पायरी गाठायला नव्वद वेळा दुप्पट करावी लागते असंही नाही. वर्ग करत गेलं की घातांक दरवेळी दुप्पट होतो, म्हणून प्रचंड मोठ्या पायरीलाही थोडक्या वर्गांत पोहोचता येतं. सगळी बचत इथेच आहे.

मात्र म-६७ वर ही दुपटीची परीक्षा जशीच्या तशी चालत नाही. ती २ च्याच घातातून बनलेली असल्याने २ ने घेतलेल्या परीक्षेत ती नेहमी पास होते, मूळ असो वा नसो. २०४७ सुद्धा पास होते. म्हणून वेगळी परीक्षा लागते. ल्युकाची कल्पना १९३० मध्ये अमेरिकन गणितज्ञ डी. एच. लेमर यांनी ज्या रूपात मांडली, तेच रूप आज वापरतात, आणि ते लहान मुलालाही करता येईल असं आहे. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या. पुन्हा वर्ग, २ वजा, बाकी. हे घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा करा. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, दुसरं काहीही आलं तर संयुक्त.

घातांक ५ साठी संख्या ३१. ४ चा वर्ग १६, वजा २, झाले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, त्याची ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२, बाकी ०. तीन पायऱ्या, शेवटी शून्य. ३१ मूळ.

घातांक ११ साठी, म्हणजे २०४७ साठी: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नऊ पायऱ्या, शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे फुटते. त्या १७३६ मध्ये २३ किंवा ८९ चा मागमूस दिसतो का? मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो आहे. काही दिसत नाही. फुटते एवढंच तो सांगतो, आणि ते मात्र निःसंशय सांगतो.

यातली बाकी काढण्याची रीत मला फार आवडते, कारण ती आपल्या नवाच्या ताळ्याची सख्खी बहीण आहे. गुणाकार बरोबर आला का हे पाहायला आपण अंकांची बेरीज करतो, ती म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकीच असते. दशमान पद्धतीत ९ म्हणजे १० वजा १, म्हणून हे जमतं. द्विमान पद्धतीत ३१ म्हणजे पाच १ ची रांग, म्हणून तिथे पाच-पाच अंकांचे गट पाडून बेरीज केली की ३१ ने भागल्यावरची बाकी मिळते. १९४ द्विमानात ११००००१०. उजवीकडचे पाच अंक ०००१०, म्हणजे २. डावीकडे उरले ११०, म्हणजे ६. बेरीज ८. वर भागाकार करून हीच बाकी आली होती. म-६७ साठी सदुसष्ट अंकांचे गट. म्हणजे भागाकार नावाची गोष्टच उरली नाही, उरला वर्ग आणि बेरीज.

म-६७ ला अशा ६५ पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीला एकवीस अंकी संख्येचा वर्ग करायचा, हे कष्टाचं काम आहेच. पण ६५ कुठे आणि ३ लाख ३० हजार कुठे! शिवाय इथे शेवट ठरलेला आहे. पासष्टावी पायरी झाली की निकाल हातात. ल्युकाने याच सुमारास आपल्या पद्धतीने १२७ घातांकाची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं, आणि १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणालाही माहीत नव्हती.

तर १८७६ नंतर स्थिती अशी होती: म-६७ फुटते हे माहीत, पण कशात फुटते हे कुणालाच माहीत नाही.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती. सोसायटीचे सचिव आणि कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांच्या भाषणाचा विषय होता मोठ्या संख्यांचे अवयव. गणितज्ञ जी गोष्ट सांगत आले आहेत ती अशी: कोल एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेले. २ चा ६७ वा घात हाताने काढून त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या भागावर त्यांनी दोन संख्या लिहिल्या आणि शाळेत करतात तसा त्यांचा उभा गुणाकार केला:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७.

दोन्हीकडची उत्तरं जुळली. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. हे शोधायला किती वेळ लागला असं पुढे कुणी विचारलं तेव्हा म्हणे ते उत्तरले, "तीन वर्षांचे रविवार." ही गोष्ट छापून आली ती कोल यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे मौनाच्या आणि टाळ्यांच्या तपशिलावर मी फार भार टाकत नाही. तो गुणाकार मात्र कुणालाही तपासता येतो. आपणही थोडा तपासू. शेवटचे तीन-तीन अंक घ्या: ७२१ × २८७ = २,०६,९२७. शेवटी ९२७, म-६७ च्याही शेवटी ९२७. आता नवाचा ताळा: पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १. दुसरीची ६४, म्हणजे १. गुणाकाराचा ताळा १ × १ = १. म-६७ च्या अंकांची बेरीज १०९, म्हणजे १. जुळलं. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, पण पूर्ण गुणाकार करायलाही एक दुपार पुरते.

फर्माची अटही लावून पाहा. १९,३७,०७,७२१ मधून १ वजा करून १३४ ने भागा: बरोबर १४,४५,५८०. दुसऱ्या संख्येचं तसंच करा: बरोबर ५,६८,५३,६०,१२९. आठाने भागल्यावर पहिलीची बाकी १, दुसरीची ७. १६४० च्या पत्रातला नियम २६३ वर्षांनी सापडलेल्या दोन संख्यांना असा चपखल बसतो, तेव्हा गणितात जुनं काही होत नाही हे खरंच वाटू लागतं.

कोल यांनी उमेदवार एकेक करून तपासले नाहीत. कोणत्या संख्यांचे वर्ग म-६७ ने भागल्यावर कोणत्या बाक्या सोडतात याचा अभ्यास करून त्यांनी शोधाची जागा आक्रसत नेली. म्हणूनच नऊ वर्षांचं काम रविवारांत मावलं. त्यांच्या नावाने सोसायटी आजही बीजगणित आणि संख्या सिद्धांतातल्या कामासाठी पारितोषिक देते.

आज फोनवरही म-६७ क्षणात फुटते. पण फुटते हे कळणं आणि तुकडे मिळणं यातलं अंतर यंत्रांनी मिटवलं नाही, उलट संख्या वाढल्या तसं ते आणखी रुंदावलं. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्याच अंतरावर गुप्त संदेशांची एक पद्धत उभी केली. दोन मोठ्या मूळ संख्या शोधा, त्यांचा गुणाकार जगाला सांगा, आणि तुकडे स्वतःकडे ठेवा. मूळ संख्या शोधणं जलद, गुणाकार त्याहून जलद, तुकडे पाडणं मात्र अति अवघड. त्यांनी आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली, तीही सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी इंटरनेटवरून कामाची वाटणी करून घेतल्यावर. २५० अंकी संख्या फुटायला २०२० उजाडलं. व्यवहारात या पद्धतीत आता साधारण ६१७ अंकी संख्या वापरतात, आणि त्यांना हात लावणं आजच्या संगणकांना जमलेलं नाही. पुरेसा मोठा आणि भरवशाचा क्वांटम संगणक बनला तर ते जमेल. त्यासाठीची रीत पीटर शोर यांनी १९९४ मध्येच मांडून ठेवली आहे.

दुसऱ्या बाजूला, मूळ की संयुक्त हे ठरवणं किती सोपं, याचा शेवटचा निकाल आपल्या देशात लागला. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येला लागू पडणारी परीक्षा दिली. संख्येतले अंक वाढतील तसा तिला लागणारा वेळ बेतानेच वाढतो, आणि तिचं उत्तर नशिबावर किंवा सिद्ध न झालेल्या कुठल्या गृहीतकावर अवलंबून नाही. हे शक्य आहे की नाही यावर त्याआधी अनेक दशकं काम चाललं होतं. तुकडे पाडण्यासाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी अशी जलद रीत मात्र कुणालाही सापडलेली नाही, आणि अशी रीत असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

ल्युका-लेमर परीक्षा अजून वापरात आहे. १९९६ पासून हजारो स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर मेर्सेनच्या संख्या तपासतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये १३,६२,७९,८४१ हा घातांक असलेली संख्या मूळ ठरली. ४,१०,२४,३२० अंक! हजार अंकांच्या पानावर छापली तर एकेचाळीस हजारांहून जास्त पानं लागतील. एवढी मोठी संख्या मूळ आहे हे आपण खात्रीने सांगू शकतो, आणि तिच्याहून कितीतरी लहान संख्येचे तुकडे सांगू शकत नाही.

अशा लहान संख्येचं एक उदाहरण घातांक १२७७ चं. तिला फक्त ३८५ अंक आहेत. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालेलं आहे. हे लिहीपर्यंत तिचा एकही विभाजक कुणाला मिळालेला नाही, आणि मूळ घातांकाच्या मेर्सेन संख्यांमध्ये अशा स्थितीतली ती सर्वांत लहान आहे. म-६७ ज्या अवस्थेत १८७६ ते १९०३ होती, त्याच अवस्थेत ही आज आहे. कोल यांचे रविवार इथे पुरणार नाहीत, अनेक संगणकांनी कितीतरी वर्षं शोधूनही ती जागची हललेली नाही. तिच्या मूळ विभाजकाबद्दल आपल्याला दोन गोष्टी मात्र आताच ठाऊक आहेत: त्यातून १ वजा केला की २५५४ ने निःशेष भाग जाईल, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येईल.